अंगचोर

टोंगातल्या एउआ बेटावर कोनफळं काढायचे दिवस आले की शाळा निम्मी ओस पडते. लेसिएली बारा वर्षांची होती, त्या हंगामात तीही वाडीतच राबत होती. बाप सिओसाया सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेलेला. घरात अंगात जोर असलेली अशी हीच. थोराड हाडाची, रुंद खांद्यांची, वजनदार पोर. दोन्ही टोकांना कोनफळांच्या टोपल्या लटकवलेली कावड खांद्यावर टाकून ती पाइनच्या जंगलाकडचा चढ अशी चढायची, की मागून येणारे बाप्ये म्हणायचे, "हिला मुलगा करायचा राहून गेला देवाकडून."

त्या चढावरच एक दिवस उजव्या गुडघ्यात बारीक कळ आली. कावड खाली ठेवून तिने गुडघा दाबून पाहिला. सूज नव्हती, खरचटलेलं नव्हतं. दाबल्यावर दुखतही नव्हतं. पाऊल टाकलं की मात्र मांडीच्या आतून खाली काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं. तिने कावड उचलली आणि घरी आली.

"आई, गुडघा दुखतोय."

नुनिया अंगणात चटयांसाठी केवड्याची पानं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "कामाच्या वेळी दुखतो. जेवताना कुठे जातो गं तो गुडघा?"

लेसिएली हसली. घरात असंच बोलायची पद्धत होती, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पण दुखणं राहिलं. चार दिवस कमी व्हायचं, पुन्हा यायचं. नुनियाने शेवटी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या फेआओला बोलावलं. बेटावरचे मुरगळलेले पाय आणि लचकलेल्या पाठी तीच चोळायची. तिने खोबरेल तेल कोमट करून गुडघा असा रगडला की लेसिएलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "शीर चढली होती," म्हातारी म्हणाली. "उतरेल आता."

दवाखान्यातल्या नर्सनेही गुडघाच पाहिला. वाकवला, सरळ केला, वाटी हलवून पाहिली. "वाढीचं वय आहे. वजनही बरंच आहे हिचं," ती म्हणाली आणि गोळ्यांची पुडी हातात दिली.

मांडीच्या वर, जिथे पाय धडाला जोडलेला असतो तिथे, कुणी हात लावला नाही. लेसिएलीनेही तिथे बोट दाखवलं नाही, कारण तिथे दुखतच नव्हतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे चटईवर जेवायला बसत. बायकांनी दोन्ही पाय एका बाजूला दुमडून बसायचं. लेसिएलीचा उजवा पाय आता तसा दुमडेना. आत वळवायला गेली की तो आपोआप बाहेर फाकायचा. काकांच्या घरचे पाहुणे समोर होते. नुनियाने तिला दंडाला चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "नीट बस. पाय फाकवून काय बसलीस."

"बसवत नाही."

"नाटकं नकोत."

त्या दिवशी लेसिएली जेवणावरून लवकर उठली. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं, पोरगी फेंगडी चालायला लागली आहे, वजनामुळे असेल. सगळ्यांना ते पटलं.

*

शाळेत कसरतीचे मास्तर होते मनासे. नुनियाचा सख्खा भाऊ, म्हणजे लेसिएलीचा मामा. तरुणपणी रग्बीत बेटाचं नाव काढलेला माणूस. नाक दोनदा मोडलेलं, कान चुरगळलेले, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. शाळेत लेसिएली त्यांना मास्तर आणि तुम्ही म्हणायची. घरी तोच मामा आणि तू. घरी तिचा मान त्याच्यापेक्षा वरचा होता. बहिणीच्या लेकराने मामाच्या ताटातला घास उचलला तरी मामाने हसायचं, ही तिथली रीत. लहानपणी ती त्याच्या टोप्या, त्याच्या शिट्ट्या खुशाल उचलून आणायची आणि तो म्हणायचा, "ने बाई, तुझंच आहे सगळं."

पण त्या वर्षी सरकारकडून शाळांना तंदुरुस्तीचा कार्यक्रम आला होता. पोरं जाड होत चालली आहेत, वीस वर्षांनी निम्मं बेट साखरेच्या आजाराने अंथरुणाला खिळेल, असं मास्तरांना राजधानीत बोलावून सांगण्यात आलं होतं. मनासेला ते सांगावं लागत नव्हतं. त्याच्या आईचा एक पाय साखरेनेच नेला होता, मग दुसरा, मग आई गेली. तिचं ड्रेसिंग त्यानेच केलं होतं. बैठकीहून तो परतला तो वजनकाटा घेऊनच.

दर सोमवारी मैदानावर काटा मांडला जायचा. एकेका पोराने चढायचं, मास्तर आकडा मोठ्याने वाचणार. लेसिएली चढली की रांगेत खसखस पिकायची. ती स्वतःही हसायची. लहानपणापासून तिने तेच केलं होतं. जाड माणसाने आधी आपणच हसलं की बरं असतं. मास्तर मात्र हसायचे नाहीत.

"गोळाफेकीत तुझ्याएवढी ताकद साऱ्या बेटावर कुणाच्या पोरीत नाही," ते म्हणायचे. "पण नुसत्या ताकदीने होत नाही. दम पाहिजे. पळायला पाहिजे."

वजन जास्त भरलेल्यांनी रोज शाळा भरण्याआधी मैदानाला फेऱ्या मारायच्या. लेसिएली पळायची. पहिली फेरी जेमतेम व्हायची, दुसऱ्या फेरीला मांडी आतून भाजल्यासारखी व्हायची आणि उजवं पाऊल आपोआप बाहेर वळायचं. मागच्या पोरी तिची नक्कल करायच्या, बदकासारख्या.

एकदा ती फेरी अर्धवट सोडून मैदानाच्या कडेला बसली. मास्तर आले, समोर उकिडवे बसले.

"काय झालं?"

"गुडघा, मास्तर."

त्यांनी गुडघा दाबला. या गुडघ्याला आजवर सगळ्यांनीच दाबलं होतं. "इथे?"

"नाही."

"इथे?"

"तिथे पण नाही. चालताना दुखतं."

"दाबल्यावर दुखत नाही आणि पळताना दुखतं." त्यांनी सुस्कारा सोडला. "हे बघ, मी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला माणूस आहे. गुडघा मला कळतो. तुझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. तुला पळायचा कंटाळा आहे. माझ्या आईलाही होता. तू तिच्यासारखीच दिसतेस म्हणून मला भीती वाटते. उठ."

ती उठली नाही, तेव्हा ते इतर पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अंगचोरपणा माझ्या मैदानावर चालणार नाही. माझी भाची असली म्हणून काय झालं?"

शब्द पोरांना आवडला. दुपारपर्यंत तो साऱ्या शाळेत पसरला. अंगचोर. एवढं मोठं अंग आणि तेच चोरतेय, यात पोरांना फार गंमत वाटत होती. लेसिएली हसली नाही. तिने ठरवलं की आता दुखतं म्हणून कुणाला सांगायचं नाही.

त्यानंतर काही आठवडे तिने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. ती लंगडत पळायची, ओठ चावून गोळा फेकायची, आणि मास्तर म्हणायचे, "बघ, जमतं की नाही?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद असायचा की तिलाही वाटायचं, कदाचित दुखणं खरोखर मनाचंच असेल.

ती पडली ती एका साध्या बुधवारी. रात्रभर पाऊस होऊन गवत निसरडं झालं होतं. वळणावर तिचा उजवा पाय जरासा सरकला. धडपडून पडावं असं काही नव्हतं; दुसरी कुणी असती तर सावरून पुढे गेली असती. पण आत काहीतरी सुटलं. आवाज झाला की नाही हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. ती खाली आली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पोरं जागच्या जागी थांबली.

मास्तर चालत आले. आधी चालतच आले. "उठ लेसिएली. हात दे."

त्यांनी हात धरून ओढलं, आणि ती पुन्हा ओरडली. मग त्यांनी तिचा पाय पाहिला. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल पूर्णपणे बाहेर वळून गवतावर आडवं पडलं होतं, जणू ते तिचं नव्हतंच.

"हात लावू नका," ती म्हणाली. "मास्तर, हात लावू नका."

*

समुद्र खवळलेला होता. राजधानीकडे जाणारी बोट दोन दिवस सुटली नाही. बेटावरच्या दवाखान्यात पायाच्या दोन्ही बाजूंना उशा लावून तिला ठेवलं होतं. नुनिया उशाशी बसून होती. मधून मधून लेकीच्या तोंडावरची माशी हाकलत होती. तिसऱ्या दिवशी बोट निघाली तेव्हा लेसिएलीला गादीसकट डेकवर ठेवलं. दोन बेटांमधल्या पाण्यात प्रत्येक लाटेला बोट वर जाऊन खाली आदळायची, तेव्हा गादीचं टोक धरून बसलेली नुनिया आपलं सगळं अंग गादीवर टाकून हिसका आपल्या अंगावर घ्यायचा प्रयत्न करायची. त्याचा काही उपयोग नव्हता.

राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या मोठ्या इस्पितळात एक बाई डॉक्टर होत्या. रात्रपाळीने डोळे सुजलेले. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे गुडघ्याचं नाही," त्या म्हणाल्या. "खुब्याचं आहे. मांडीच्या हाडाच्या टोकावर गोळा असतो. वाढत्या वयात तो कच्च्या जोडाने बसलेला असतो. तिथून तो घसरला आहे. भरलेल्या अंगाच्या मुलांत होतं असं. आपल्या बेटांवरच्या मुलांत तर जास्तच होतं."

"पण दुखत गुडघा होता," नुनिया म्हणाली.

"खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात उतरतं. किती दिवस लंगडत होती?"

नुनियाने लेसिएलीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "कोनफळं निघाली तेव्हापासून."

डॉक्टरांनी हिशेब केला असावा, पण तो बोलून दाखवला नाही. "तेव्हा तो हळूहळू सरकत होता," एवढंच म्हणाल्या. "परवा पूर्ण सुटला. आम्ही स्क्रू घालून बसवू. डाव्या बाजूलाही घालू, म्हणजे ती तरी घसरणार नाही. पण उजव्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर तो नंतर मरतो. ते आज सांगता येत नाही."

लेसिएलीला 'मरतो' हा शब्द कळला. अंगातली एखादी गोष्ट बाकीच्या अंगाआधी मरू शकते, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

*

कुबड्या घेऊन ती घरी आली त्यानंतरच्या शनिवारी मनासे आला.

सख्ख्या भावाने बहिणीसमोर सहज येऊन बसावं अशी तिथे पद्धत नाही. भाऊबहीण मोठी झाली की एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांशी थट्टा करत नाहीत. जे काही असेल ते लांबून, मर्यादेने. म्हणून लहानपणापासून नुनिया आणि मनासे यांचं बरंचसं बोलणं लेसिएलीमार्फत चालत आलं होतं. "सांग तुझ्या मामाला, अळू काढून ठेवलाय." "सांग तुझ्या आईला, मासे आणलेत." त्या शनिवारी तो घरात आलाच नाही. अंगणात, भर उन्हात, मातीवर मांडी घालून बसला. कमरेला फाटकी, जुनाट चटई गुंडाळलेली आणि गळ्यात हिरव्या पानांची माळ. मोठ्या अपराधाची क्षमा मागायला थोरामोठ्यांच्या दारात जातात तसा. मान इतकी खाली, की खिडकीतून लेसिएलीला फक्त त्याचं टक्कल पडू लागलेलं डोकं आणि चुरगळलेले कान दिसत होते.

शेजारी आपापल्या दारांत येऊन उभे राहिले.

नुनिया घरात, भिंतीला पाठ लावून. "तुझा मामा आलाय," ती म्हणाली.

"दिसतोय."

"तुझ्याकडे आलाय. माझ्याकडे नाही. तुला बोलायचंय."

"काय बोलू?"

"काय बोलतात ते तुला माहीत आहे. जास्त वेळ बसवून ठेवू नये माणसाला."

लेसिएली कुबड्यांवर दारापर्यंत गेली. तिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या, म्हणून ती वरच उभी राहिली आणि तो खाली. ऊन त्याच्या मानेवर पडलं होतं. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याला असाच संध्याकाळपर्यंत बसवावं असंही वाटलं. एवढं वाटून गेल्याचीच तिला लाज वाटली. बारा वर्षांच्या पोरीने एका मोठ्या माणसाचं काय करायचं ते ठरवावं, अशी ती वेळ होती. आणि खरं म्हणजे ठरवायला काही नव्हतं. उत्तर एकच होतं आणि सगळी गल्ली ते ऐकायला थांबली होती.

"ऊठ मामा," ती म्हणाली. "आत ये. पाणी पी."

तो उठला नाही. खांदे हलू लागले. मग शेजारचे दोघे आले, त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, गळ्यातली माळ काढली. लोक हळहळले, बरं झालं म्हणाले, एकाने प्रार्थना म्हटली. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. पण नुनियाला कुणाच्या दारात जाऊन बसावं लागलं नाही, नर्सलाही नाही, म्हाताऱ्या फेआओलाही नाही. हे लेसिएलीच्या मनात बरेच दिवस राहिलं.

*

गोळा मेला. वर्षभराने पुन्हा दुखू लागलं आणि नव्या एक्स-रेत तो पिचलेल्या अंड्यासारखा एका बाजूने बसलेला दिसला. पाय आखूड झाला तो कायमचा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की मोठी झाल्यावर सांधा बदलता येईल, पण तो इथे बदलत नाहीत.

शाळा एकमजली होती, जिने नव्हते. अडचण जमिनीची होती. साऱ्या बेटाचं आयुष्य जमिनीवर चालतं. प्रार्थना, जेवण, मयत, लग्न, सगळं चटईवर. लेसिएलीला खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागायची. कवायतीच्या वेळी ती इतरांच्या पिशव्या राखत बसायची. अंगचोर हा शब्द शाळेने लगेच सोडून दिला, पण त्याऐवजी सगळे इतके जपून बोलू लागले की तिला तो शब्दच बरा वाटू लागला. दोन वर्षांनी तिने शाळा सोडली.

मनासेने त्या दिवसानंतर कुणाला पळायला लावलं नाही. वजनकाटा कपाटात गेला. एखाद्या पोराने नुसतं "मास्तर, पाय" म्हटलं की तो त्याला झाडाखाली बसवायचा. पोरांना ते लगेच कळलं. कसरतीच्या तासाला निम्मा वर्ग झाडाखाली गप्पा मारत बसू लागला. हेडमास्तरांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा त्याला मैदानावरून काढून भांडारात बसवलं.

गावातल्या बायका एकत्र बसून चटया विणतात. त्यात गाणी असतात, चावट गोष्टी असतात, साऱ्या गावाची उठाठेव असते. लेसिएलीला त्यात बसता येईना. सिओसायाने न्यूझीलंडहून आल्यावर तिच्यासाठी एक उंच बाक केला. त्या बाकावर ती आपली वेगळी बसायची. बायका म्हणायच्या, "राणीसाहेब सिंहासनावर." त्या प्रेमानेच म्हणायच्या. पण वरून खालचं निम्मं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि "काय म्हणालात?" असं दर वेळी विचारणार तरी कसं. हळूहळू तिने जाणं सोडलं आणि हाताने फिरवायचं शिवणयंत्र घेऊन शाळेचे गणवेश शिवू लागली. लग्नाचं एकदा बोलणं आलं होतं. मुलाची आई घरी आली, लेसिएलीला उठून चहा आणताना पाहिलं, आणि चहा पिऊन गेली.

*

ती चोवीस वर्षांची असताना बातमी आली की परदेशातून हाडांच्या डॉक्टरांचं पथक येणार आहे आणि सांधे बदलणार आहे. लेसिएली बोटीने जाऊन नाव देऊन आली. तिथल्या माणसाने तिला काट्यावर उभं केलं आणि म्हणाला, "वजन बरंच उतरवावं लागेल. नाहीतर ते हात लावणार नाहीत."

"चालता येत नसताना?"

"ते तुम्ही बघा."

हे मनासेला कुणी सांगितलं कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारात उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं.

"पाण्यात चालता येईल तुला," तो म्हणाला. "पाण्यात वजन लागत नाही. धक्क्याच्या आतल्या बाजूला लाटा नसतात. मी हात देईन."

तिने नुनियाकडे पाहिलं. नुनिया चुलीकडे वळली. "सांग तुझ्या मामाला, टॉवेल घेऊन जा म्हणावं. गारठा आहे."

रविवार सोडला तर रोज पहाटे ती दोघं बंदरावर जायची. शेवाळलेल्या पायऱ्यांवर तो आधी उतरायचा, मग तिला कमरेला धरून उतरवायचा. पाणी छातीपर्यंत आलं की तिचं लंगडणं नाहीसं व्हायचं. पहिल्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती मुद्दाम मागेपुढे चालत राहिली, ओठ निळे पडेपर्यंत. धक्क्यावरचे कोळी थट्टा करायचे, "मास्तर, देवमासा पाळलाय का?" आणि लेसिएली पाण्यातूनच त्यांच्या बायकांच्या आकारावरून टोमणे परतवायची. बऱ्याच वर्षांनी ती मोठ्याने हसत होती.

एका सकाळी दमून दोघं पायरीवर बसली होती. मनासे म्हणाला, "छान चाललंय. दम वाढलाय."

"मामा, एक सांगू?"

"सांग ना."

"तू अंगणात येऊन बसलास, तेव्हा मी तुला माफ केलं नव्हतं. आई म्हणाली म्हणून ऊठ म्हटलं."

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"तुझ्या आवाजावरून. मास्तर होतो मी. पोरं शिकवलेलं बोलतात तेव्हा कळतं." मग त्याने विचारलं, "आता?"

लेसिएलीने खरोखर विचार केला. "आता कधी कधी. पाण्यात असताना. घरी पायऱ्या चढताना नाही."

"बरोबर आहे," मनासे म्हणाला.

वर्षभरात तिचं वजन सांगितलं होतं त्याच्याही खाली आलं. आणि त्याच सुमारास जगभर साथ पसरली. टोंगाने आपली दारं बंद केली. विमानं थांबली. पथक आलं नाही, पुढच्या वर्षीही आलं नाही. मग ज्वालामुखी फुटून लाट आली आणि बंदराजवळची घरं घेऊन गेली. पायऱ्याही उखडल्या. दोघं काही महिने दुसरीकडे, खडकांच्या डबक्यात जात राहिली. तिथे पाणी कमरेपर्यंतच होतं.

पथक शेवटी आलं तेव्हा लेसिएली अठ्ठावीसची होती. मनासे बोटीने बरोबर गेला आणि इस्पितळाबाहेर आंब्याखाली थांबला. आत एका उंच डॉक्टरने तिचा पाय हळुवारपणे वळवून पाहिला. इतक्या हळुवारपणे कुणीच पाहिला नव्हता. एक्स-रे बराच वेळ पाहून तो दुभाष्या नर्सशी बोलला.

"ते म्हणतात तुम्ही वजन उत्तम राखलंय," नर्स म्हणाली. "पण खोबणीचं हाडही झिजून गेलंय. असं काम करायचं सामान ते इकडे आणत नाहीत. परदेशात पाठवायला सरकारच्या समितीकडे नाव देतील."

समितीचं उत्तर पुढच्या महिन्यात आलं. ज्यांच्या जिवाला धोका आहे अशांनाच पाठवतात. तुमच्या जिवाला धोका नाही.

लेसिएलीला वाटलं होतं आपण रडू. त्या दुपारी ती गाढ झोपली आणि उठली तेव्हा तिला भूक लागली होती. रडला तो मनासे. आणि मग त्याने पहाटे येणंच बंद केलं. तिने आठवडाभर वाट पाहिली. मग नुनियाने स्वतःहून, कुणामार्फत नाही, रस्ता ओलांडला आणि भावाच्या अंगणात, पाठमोरी उभी राहून, मोठ्याने म्हणाली, "पोरगी एकटी खडकावरून उतरू शकत नाही. मला उतरवता येत नाही तिला. माझे गुडघे गेलेत." एवढं बोलून ती परत आली. जन्मात तिने भावाला सरळ सांगितलेलं एवढंच असेल. दुसऱ्या दिवशी तो आला.

आता लेसिएली तिशी ओलांडून गेली आहे. गारठ्याच्या महिन्यांत ती काठीशिवाय घरातही फिरू शकत नाही. गेल्या वर्षी डाव्या खुब्यात कळा येऊ लागल्या, तेव्हा तिने त्याच दिवशी सांगितलं, आणि मनासे तिला पुढच्याच बोटीने घेऊन गेला. स्क्रू जागेवर होता, गोळा शाबूत होता. तरुण डॉक्टर म्हणाला, इतकी वर्षं सगळा भार या एका पायावर पडतोय, दुखणारच. जपून वापरा.

"जपून म्हणजे कसं?" लेसिएलीने विचारलं.

त्याने तिच्या काठीकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. परतीच्या बोटीला वेळ होता. दोघांनी बाजारात भाजलेला कसाव्याचा कंद घेतला आणि धक्क्यावर, उभ्यानेच, खाल्ला.